महाजाल : दूरचे जवळ येते कसे?

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाचा चेहरा पडद्यावर दिसणे, किंवा रुग्णाचे सीटी स्कॅन दुसऱ्या शहरातील तज्ज्ञाने काही मिनिटांत पाहणे, यांचे आज कोणालाच नवल वाटत नाही. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तेव्हापासून हे महाजाल आपल्या घरांत व दवाखान्यांत इतके रुळले आहे, की त्याचे कार्य कसे चालते हा प्रश्नही सहसा मनात येत नाही.

इंटरनेटला एखादे मध्यवर्ती केंद्र नाही. जगभरच्या असंख्य स्वतंत्र जाळ्यांनी परस्परांशी संवाद साधण्याचे समान नियम स्वीकारले, हेच त्याचे मर्म होय. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये या नियमांची मांडणी केली. पाठवावयाचा मजकूर वा चित्र यांचे लहान लहान तुकडे केले जातात. त्यांना ‘पॅकेट’ म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर प्रेषकाचा व प्राप्तकर्त्याचा अंकरूप पत्ता असतो. राउटर नावाची यंत्रे तो वाचून पॅकेट पुढे पाठवितात. मुक्कामी पोहोचल्यावर हे तुकडे क्रमाने जुळविले जातात आणि पत्र वा अहवाल पाठविताना एखादा तुकडा हरवलाच, तर तो पुन्हा पाठविला जातो.

हा सारा प्रवास उपग्रहांमार्फत होतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः खंडाखंडांमधील बहुतेक वाहतूक समुद्रतळावरील केबलमधून होते. या केबलमधील केसासारख्या बारीक काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ अशा केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. दूरच्या समुद्रातील जखमेची कळ येथपर्यंत पोहोचली!

या साधनाची मर्यादा व सामर्थ्य दोन्ही वैद्यकाच्या इतिहासातच दिसून येतात. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून, फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे असलेल्या ६८ वर्षांच्या महिलेचे पित्ताशय यंत्रमानवाच्या साहाय्याने काढले. मात्र त्यासाठी नेहमीचे इंटरनेट न वापरता खास राखून ठेवलेली प्रकाशतंतूंची वाहिनी घेण्यात आली होती. पॅकेट नेमके कोणत्या क्षणी पोहोचेल, याची हमी इंटरनेट देत नाही. ई-पत्र अर्धा सेकंद उशिरा आले तर काही बिघडत नाही. शस्त्राचे टोक अर्धा सेकंद उशिरा थांबले तर अनर्थ होऊ शकतो. शिवाय, रुग्णाजवळ स्थानिक शल्यचिकित्सक उपस्थित होतेच.

सामर्थ्याचा प्रत्यय जानेवारी २०२० मध्ये आला. चीनमधील प्रा. झांग योंगझेन यांच्या गटाने नव्या कोरोना विषाणूची जनुकीय क्रमवारी उलगडली होती. ११ जानेवारी रोजी ऑस्ट्रेलियातील त्यांचे सहकारी एडवर्ड होम्स यांनी ती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. सुमारे तीस हजार अक्षरांची ही माहिती आकाराने मोबाइलवरील छायाचित्राहूनही लहान. पण तिच्या आधारे दोनच दिवसांत अमेरिकेत मॉडर्नाच्या लसीचा आराखडा निश्चित झाला आणि १६ मार्चला पहिल्या स्वयंसेवकाला ती टोचण्यात आली. केबल व यंत्रे आधीपासूनच होती. माहिती खुली करण्याचा निर्णय मात्र माणसांनी घेतला.

आपल्या व्यवसायाला यातून दुहेरी बोध घेता येईल. ज्ञान जितके खुले करावे, तितके ते फलदायी ठरते. याउलट, रुग्णाचे नाव व अहवाल ही त्याने विश्वासाने आपल्या हाती दिलेली ठेव आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ल्यासाठी चित्र पाठविताना नाव न झाकल्यास, ते कोठवर पोहोचेल हे कोणालाच सांगता येत नाही. भारतात २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक तत्त्वांनीही दूरस्थ सल्ला पुरेसा आहे, की प्रत्यक्ष तपासणी हवी, हे ठरविण्याचे उत्तरदायित्व डॉक्टरांवरच सोपविले आहे. महाजाल संदेश पोहोचविते. काय पाठवावे, काय राखावे आणि रुग्णाला समोर केव्हा बोलवावे, हा विवेक आपणच बाळगावयाचा आहे.