रोजगाराची हमी आणि ‘अकुशल’ श्रमिक

समाजकल्याणाच्या कोणत्याही धोरणापुढे दोन प्रश्न उभे असतात. हाताला काम नसलेल्या मनुष्याला आज काम आणि अन्न कसे मिळावे, हा पहिला. त्याचे श्रमसामर्थ्य उद्या कसे वाढावे, हा दुसरा. पहिल्याला कल्याण म्हणतात आणि दुसऱ्याला मनुष्यबळ विकास. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकाच मनुष्याविषयीचे आहेत. तथापि त्यांची खाती निराळी, अंदाजपत्रके निराळी आणि त्यांवरील संशोधनही बहुधा निराळे. या फारकतीचा परिणाम काय होतो, हे पाहावयाचे झाल्यास महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

या योजनेची कल्पना मुख्यतः वि. स. पागे यांची. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती असताना १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा प्रारंभिक प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली. परंतु त्याच वर्षी भीषण दुष्काळ ओढवला आणि दुष्काळी कामांनी तिची जागा घेतली. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ पोहोचली होती. इतक्या मोठ्या प्रमाणावर काम देता येते, हा अनुभव शासनाच्या गाठी होता. योजनेला कायद्याचे अधिष्ठान मिळण्यामागे या अनुभवाचा वाटा मोठा आहे. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला.

या अधिनियमाने ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीला काम मागण्याचा हक्क दिला. मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याचे दायित्व शासनावर आले. खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला व त्याच्या उत्पन्नाला राज्याच्या अंशदानाची जोड देण्यात आली. शहरातील नोकरदाराच्या वेतनाचा एक अंश खेड्यातील मजुराच्या मजुरीकडे वळविणारी ही रचना होती. ‘हमी’ हा शब्द देवघेवीच्या व्यवहारातला आहे. जो हमी राहतो, तो उत्तरदायी होतो. शासन या अर्थाने उत्तरदायी झाले, हे या अधिनियमाचे खरे महत्त्व होय.

योजनेवरील संशोधनाचा पहिला मोठा विषय ‘लाभार्थी कोण’ हा होता. कुमुदिनी दांडेकर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून केलेल्या अभ्यासाने स्त्रियांच्या मोठ्या सहभागाकडे लक्ष वेधले. घराजवळ काम आणि कामाच्या मापावर स्त्रीपुरुषांना सारखा दर, या दोन गोष्टी शेतमजुरीच्या रूढ व्यवहारात दुर्मीळ होत्या. पुढे १९९२ मध्ये बेस्ली आणि कोट या अर्थशास्त्रज्ञांनी श्रमाच्या अटीचे तात्त्विक विवेचन केले. त्यांच्या मते ही अट दोन कामे करते. ती चाळणीप्रमाणे चालते, म्हणजे ज्याला दुसरीकडे अधिक मिळते तो आपणहून दूर राहतो. आणि आपल्यावर ही वेळ येऊ नये म्हणून मनुष्याला आधीच स्वतःची क्षमता वाढविण्यास प्रवृत्त करते. पहिला युक्तिवाद महाराष्ट्राच्या अनुभवाशी पुष्कळसा जुळतो. दुसरा मात्र असे गृहीत धरतो, की क्षमता वाढविण्याची साधने गरिबाच्या आवाक्यात आहेत. कोरडवाहू गावातील भूमिहीन स्त्रीला हे गृहीतक लागू पडत नाही.

संशोधनाचा दुसरा विषय हमी खरोखर पाळली जाते काय, हा. १९८८ मध्ये किमान वेतनाचे दर जवळजवळ दुप्पट झाले व त्याबरोबर योजनेची मजुरीही वाढली. त्यानंतर कामावरील उपस्थिती घटली. रॅव्हेलियन, दत्त आणि चौधुरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याची चिकित्सा करून असा निष्कर्ष काढला, की दरवाढीनंतर मागणी असूनही काम आखडते दिले जाऊ लागले असावे. मजुरी वाढली; परंतु हमी पातळ झाली.

हे दोन्ही प्रवाह मौलिक आहेत, यात संशय नाही. तथापि त्यांची मोजमापे कोणती होती, हे पाहिले पाहिजे: मनुष्यदिवस, मजुरी आणि लाभार्थ्यांचे उत्पन्न. श्रमिकाचे कौशल्य या मोजमापांत आले नाही. कारण अधिनियमाच्या भाषेनेच ते आधी वगळले होते. हमी होती ती अकुशल अंगमेहनतीच्या कामाची. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर या संज्ञेची व्याख्याच केली. कोणत्याही कौशल्याशिवाय वा खास प्रशिक्षणाशिवाय प्रौढ व्यक्ती जे शारीरिक काम करू शकते, ते अकुशल काम, असा तिचा आशय होता. ही व्याख्या अभावात्मक आहे. त्या कामात काय आहे हे ती सांगत नाही. काय नाही, एवढेच सांगते. शिवाय कामाला लावलेले विशेषण व्यवहारात काम करणाऱ्याला चिकटते. ‘अकुशल काम’ म्हणता म्हणता ‘अकुशल मजूर’ हा शब्दप्रयोग रूढ होतो आणि कामाचा प्रकार मनुष्याचा गुणधर्म ठरतो.

प्रत्यक्ष कामावर काय घडते, हे पाहिले म्हणजे या संज्ञेची अपुरेपणा ध्यानात येतो. मातीकामाचा दर मापावर ठरतो. माती, मुरूम की खडक, ती किती उंच उचलावयाची आणि किती अंतरावर टाकावयाची, यांवर मजुरी अवलंबून असते. खड्डा कोठून धरावा, खणणारे किती व वाहणारे किती असावेत, बांधाचा उतार कसा राखावा, हे ज्या टोळीला उमगते तिच्या हाती तेवढ्याच वेळात अधिक मजुरी पडते. पाझर तलावाच्या भिंतीला दगडी अस्तर बसविणे किंवा नाला बांधाची जागा ओळखणे हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या श्रमातून येते. परंतु हजेरीपटावर दिवस लिहिले जातात आणि मोजमाप पुस्तकात घनमीटर. या ज्ञानाला दोहोंत रकाना नाही. म्हणून २० वर्षे बांधबंदिस्ती करणारी स्त्री कागदोपत्री पहिल्या दिवशी होती तशीच अकुशल राहते आणि अन्यत्र कामास गेल्यास तिला पुन्हा तळाच्या दरापासून आरंभ करावा लागतो.

१९९० मध्ये योजनेला फळबाग लागवडीची जोड देण्यात आली आणि कोरडवाहू शेतीचे रूप अनेक ठिकाणी पालटले. येथे लागवड व निगा यांचे ज्ञान अपरिहार्य होते. तथापि बाग जमीनमालकाची राहिली. भूमिहीन मजुराच्या वाट्याला मुख्यतः खड्डे खणण्याचे दिवस आले. श्रमातून मालमत्ता उभी राहिली, पण श्रमिकाच्या ठायी काही साठले काय, हा प्रश्न तसाच राहिला.

हा प्रश्न धोरणकर्त्यांना सर्वस्वी अपरिचित आहे, असेही नाही. २०१९ च्या अखेरीस केंद्र शासनाने ‘उन्नती’ हा प्रकल्प आखला. वर्षात १०० दिवस काम पूर्ण केलेल्या कुटुंबातील एका प्रौढास प्रशिक्षण देण्याची त्यात तरतूद होती. हमी आणि कौशल्य यांच्यामध्ये पूल बांधण्याचा तो प्रयत्न होता. मात्र महाराष्ट्राचा अधिनियम अंमलात आल्यावर ४० वर्षांनी तो झाला. शिवाय त्यातही कौशल्य बाहेरून द्यावयाचे होते. कामावर आधीच असलेल्या कौशल्याची नोंद घ्यावयाची नव्हती.

पुढील संशोधनाची दिशा यावरून स्पष्ट होते. किती दिवस काम मिळाले याबरोबरच त्या दिवसांत श्रमिकाला काय येऊ लागले, हेही मोजले पाहिजे. टोळीतील श्रमविभाग, कामाची परिभाषा आणि अनुभवाने येणारा फरक यांची क्षेत्रीय नोंद झाली पाहिजे. असे केल्याने हमीचे मूल्य कमी होत नाही. उपाशी मनुष्याला प्रथम काम मिळाले पाहिजे, हा योजनेचा पाया अबाधितच आहे. परंतु ज्या संज्ञेने त्याला कामावर घेतले, त्याच संज्ञेत त्याला जन्मभर कोंडून ठेवण्याचा अधिकार धोरणाला नाही आणि संशोधनालाही नाही.