पॅरिज कॉर्नरचा खांब

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, पॅरिज कॉर्नरला 'डेअर हाउस'पाशी एक जुना दगडी खांब आहे. मी मूळचा नगरचा, तिथल्या लष्कराच्या के. के. रेंजवरच्या रणगाड्यांचे धमाके ऐकत वाढलेला. खांब कशाचा ते कळल्यावर माझा तिथून पाय निघेना.

१७५८च्या डिसेंबरात फ्रेंच सेनापती लालीने मद्रासला वेढा घातला, तेव्हा इंग्रजांच्या किल्ल्याबाहेरच्या 'ब्लॅक टाउन' वस्तीतल्या घरांचा त्याच्या सैन्याला आयता आडोसा मिळाला. म्हणून पुढे किल्ल्याच्या तोफांसमोरचं मैदान मोकळं राखायचं ठरलं आणि १७७३ मध्ये हद्दीवर सहा खांब रोवले गेले. खांबांच्या आत बांधकाम करायचं नाही. त्यातला हा एकच उरला. पलीकडची वस्ती १९११ मध्ये जॉर्ज टाउन झाली, मोकळ्या मैदानावर हायकोर्ट आलं.

ती हद्द तोफांच्या सोयीची होती, माणसांच्या नव्हे. माणसांचा विचार लष्कराच्या गोळीबार-सरावाबद्दलच्या १९३८च्या कायद्यात दिसतो: सरावाआधी आसपासच्या गावांना सूचना द्यायची, नुकसान झालं तर भरपाई द्यायची. तरीही रेंजवरचे न फुटलेले गोळे भंगार म्हणून उचलताना माणसं मेली आहेत. मला तेच सलतं. गोळीबार थांबला तरी धोका तिथेच पडून असतो.

हे पहिल्यांदा समजलं ते शाळेत, एनसीसीच्या फायरिंगला. पॉइंट टू-टू रायफल, पंचवीस यार्ड. लाल झेंडा चढल्याशिवाय उस्ताद, म्हणजे आमचे प्रशिक्षक, गोळ्यांचा डबा उघडत नसत. मग प्रत्येकाच्या तळहातावर पाच गोळ्या, मोठ्याने मोजून. 'भर' ऐकू येईपर्यंत बोल्टला हात लावायचा नाही, नळी सतत टार्गेटकडे. शेजारच्या मुलाची गोळी उडाली नाही, तर तो रायफलीसकट उस्तादांकडे वळू लागला. 'रोक!' अख्खी ओळ थिजली. उस्तादांनी आधी नळी समोर वळवली, मग त्याच्याशी बोलले, तेही हळू आवाजात.

शेवटी 'जाँच शस्त्र'. बोल्ट उघडे, उस्ताद एकेक चेंबर वाकून बघत पुढे सरकले. नंतर पुंगळ्या जमा करायच्या. माझ्या चारच भरल्या. ऊन डोक्यावर आलं होतं, पण कुणालाही उठू दिलं नाही. आम्ही पालथे पडून गवताची पाती बोटांनी विंचरत होतो. पाचवी माझ्याच सतरंजीच्या घडीत निघाली. उस्तादांनी ती फुंकून साफ केली, डब्यात टाकली आणि मगच झेंडा उतरवायला सांगितलं.