आगगाडीच्या चिमुकल्या डब्यावरची रेघ

आगगाडी न पाहिलेला माणूस आज महाराष्ट्रात शोधूनही सापडायचा नाही. पण जुन्या डब्यांच्या अंगावर, खिडक्यांच्या वर आणि खाली, जी बारीक रंगीत रेघ काढलेली असे तिच्याकडे निरखून पाहणारे थोडेच. ती रेघ का काढीत, आणि आज त्याच डब्याची हातभर लांबीची प्रतिकृती करणारे लोक ती रेघ हाताने कशी काढतात, हे आपल्याला पाहावयाचे आहे. विषय खेळण्याचा वाटेल. पण त्यात थोडा इतिहास आहे, थोडे पदार्थविज्ञान आहे आणि पुष्कळशी चिकाटी आहे. शाळेत हस्तकला शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना तर तो खचित उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न असा, की रेघ मुळात आली कुठून? इंग्लंडात १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर ही आगगाडी सुरू झाली. तेव्हा प्रवाशांचे डबे कसे करावयाचे हे ठाऊक असलेले लोक एकच होते, ते म्हणजे घोडागाड्या बांधणारे कारागीर. त्यांनी काय केले? घोडागाडीचे तीन सांगाडे एकापुढे एक जोडले, खाली लोखंडी चाके लावली, आणि पहिल्या वर्गाचा डबा तयार! डब्याचे अंग लाकडी फळ्यांचे होते. दोन फळ्यांचा सांधा उघडा राहिला तर त्यात पाणी शिरायचे, म्हणून सांध्यावर बारीक लाकडी पट्टी ठोकीत. त्या पट्टीला वेगळा रंग आणि तिच्या कडेने रेघ, अशी घोडागाडीचीच रीत डब्यावरही आली. म्हणजे रेघ ही नुसती नटवेगिरी नव्हती. सांधा कुठे आहे आणि पट्टी कशी धावते, हे ती डोळ्यांना सांगत होती.

पुढे गंमत झाली. डबे पोलादी पत्र्याचे होऊ लागले. पत्रा सपाट, तेव्हा सांध्यावरच्या पट्ट्यांचे कामच उरले नाही. पण लोकांच्या डोळ्यांना सवय लागलेली! इंग्लंडातल्या लंडन मिडलंड अँड स्कॉटिश या रेल्वेने १९३४च्या सुमारापर्यंत सपाट पत्र्यावरही जुन्या पट्ट्यांच्या जागी रेघा रंगवून घेतल्या. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न या दुसऱ्या कंपनीने तर त्याहून कमाल केली. तिचे जुने डबे सागवानाचे, वरून नुसते रोगण दिलेले. पोलादी डबे आल्यावर रंगाऱ्यांनी पत्र्यावर सागाच्या लाकडाच्या शिरा काढल्या, त्याही अशा, की लांबून पाहणाराला डबा सागवानीच वाटावा. वस्तू बदलते, पण तिचा जुना पोशाख कित्येक दिवस अंगावर राहतो, तो असा.

रंगांच्या नावांतही एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती आपल्या घरची आहे. वर सांगितलेल्या लंडन मिडलंड कंपनीच्या डब्यांचा रंग गडद तांबडा. इंग्रजीत त्याला ‘क्रिमझन लेक’ म्हणत. यातला ‘क्रिमझन’ आणि आपला ‘किरमिजी’ हे सख्खे भाऊ. दोन्ही शब्द किरमिज नावाच्या रंग देणाऱ्या किड्याच्या अरबी नावावरून आले. आणि ‘लेक’ म्हणजे तळे नव्हे बरं का! तो आपल्या ‘लाख’ या शब्दाचाच अवतार आहे. झाडावरच्या किड्यापासून मिळणारी लाख, तिच्यातला तांबडा रंग, आणि तशा रीतीने केलेले सगळेच रंग यांना युरोपात ते नाव पडले. म्हणजे इंग्लंडातल्या आगगाडीच्या अंगावर पूर्वेकडचे दोन शब्द धावत होते!

आता आपल्याकडे या. १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने मुंबई–पुणे ‘डेक्कन क्वीन’ सुरू केली. सात-सात डब्यांचे दोन संच होते. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडातून आले आणि वरचे अंग आपल्या माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. एक संच रुपेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. १९६६ साली पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे या गाडीला आले, आणि २०२२ साली ते जाऊन नव्या बनावटीचे डबे आले. निळ्या अंगावरची ती सोनेरी रेघ पाहावयाची तर आता प्रतिकृतीच करावयास हवी. प्रतिकृती करणारा माणूस नुसते खेळणे करीत नाही, तो साक्ष जपतो, असे मी म्हणतो ते याचसाठी. इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये १९५४ साली अशाच हेतूने पेंडन नावाचे एक संग्रहालय सुरू झाले. रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियातून आलेल्या गृहस्थाने एका खोऱ्यातली खेडी, घरे आणि गाड्या जशाच्या तशा, पण लहान मापात उभ्या करण्याचा ध्यास घेतला. आपल्याकडे पुण्यात लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली उघडले. सहल काढाल तेव्हा मुलांना अवश्य दाखवा.

लहान माप म्हणजे किती लहान? इंग्लंडात फार चालणारे माप म्हणजे खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर. फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, म्हणजे वस्तू सुमारे शहात्तर पटीने लहान झाली. आपला २१.३ मीटर लांबीचा डबा या मापात २८ सेंटीमीटरांचा होतो. ठीक आहे. पण खऱ्या डब्यावरची एक इंच रुंदीची रेघ? ती होते एक-तृतीयांश मिलिमीटर! कुंचल्याने अशी रेघ सरळ काढणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून शाळेसाठी मी चाळीस पटीचे माप सुचवीन. डबा ५३ सेंटीमीटर लांब, आठ सेंटीमीटर रुंद, आणि इंचाची रेघ सुमारे ०.६ मिलिमीटर. हे जमण्यासारखे आहे. शिवाय मुलांचे प्रमाणाचे गणितही आपोआप होते.

डबा जाड पुठ्ठ्याचा करा. पुठ्ठा रंग पितो आणि फुगतो. म्हणून सुताराकडे मिळणारा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचे दोन हात आतून-बाहेरून द्या. चपडा म्हणजे पुन्हा आपली लाखच. स्पिरिट चटकन पेट घेते, तेव्हा हे काम चुलीपासून, दिव्यापासून दूर आणि मोठ्या माणसाच्या हातानेच व्हावे. वाळल्यावर खाचखळगे लांबीने भरा, बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, आणि मग अस्तराचा पातळ हात द्या. करड्या अस्तरावर राहिलेले दोष लगेच उठून दिसतात. ते तेव्हाच दुरुस्त करावेत. वरचा रंग दोष झाकीत नाही, उलट चकाकून ते चारचौघांत दाखवतो.

मुख्य रंगाला साधा एनॅमल चालेल. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात बरे. चपटा मऊ कुंचला घ्या, एकाच दिशेने फिरवा, आणि रंग ओला असताना पुन्हा पुन्हा त्यावर जाऊ नका. दोन रंगांचा डबा असेल तर फिका आधी, गडद मागाहून. रंगवून झाल्यावर धूळ बसू नये म्हणून वर खोके पालथे घाला. आणि मग थांबा. इथेच उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो! एनॅमल दोन टप्प्यांत वाळतो. आधी त्यातले टर्पेंटाइन उडून जाते, तेव्हा बोटाला रंग लागत नाही. पण त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होण्यास पुढे कित्येक दिवस लागतात. आठवडाभर तरी डब्याला हात लावू नये.

आता रेघ. तिचे हत्यार म्हणजे रूलिंग पेन. जुन्या कंपासपेटीत पोलादाच्या दोन पात्यांची, बाजूला स्क्रू असलेली जी लेखणी असे, तीच. चित्रकला शिकवणाऱ्या शिक्षकांच्या कपाटात ती अजून निघेल. स्क्रू फिरवला की पात्यांमधले अंतर, म्हणजेच रेघेची जाडी, कमीजास्त होते. रंग पात्यांच्या मध्ये थांबतो आणि टेकवताच खाली उतरतो, तो केशाकर्षणाने. दिव्याच्या वातीत तेल चढते तोच हा नियम. म्हणून पेन दाबायचे कारणच नाही. दाबले की खालचा रंग ओरखडतो आणि रेघही बिघडते.

रंग दुधावरच्या पातळ सायीइतका असावा. फार दाट असला तर उतरत नाही, फार पातळ असला तर एकदम ओघळतो. पेन डबीत बुडवू नका. लहान कुंचल्याने पात्यांच्या मध्ये तीन-चार मिलिमीटरच रंग भरा आणि पात्यांची बाहेरची बाजू पुसून घ्या. आधी काचेच्या तुकड्यावर दोन-चार रेघा ओढून पाहा. पट्टीच्या खाली दोन्ही टोकांना पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून तिची कड पृष्ठभागापासून जरा उचललेली ठेवा. नाही तर त्याच केशाकर्षणाने रंग पट्टीखाली शिरतो आणि सगळा डाग पडतो. पेन जवळजवळ उभे, ज्या दिशेला जायचे तिकडे किंचित झुकलेले. वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. मधे थांबलात की तिथे गाठ आलीच म्हणून समजा.

क्रमही लक्षात ठेवा. सगळ्या आडव्या रेघा आधी. त्या वाळल्या की उभ्या. आणि चौकटीचे गोल कोपरे सर्वांत शेवटी, अगदी बारीक कुंचल्याने. करंगळी टेकवून हात स्थिर ठेवायचा, गावातले पाट्या रंगवणारे पेंटर ठेवतात तसा. त्यांच्यापैकी एखाद्याला शाळेत बोलवा. हात कसा चालवायचा हे पुस्तकापेक्षा तो लवकर शिकवील. रेघ वाकडी गेली तर घाबरू नये. खालचा रंग पुरता घट्ट झालेला असला, तर टर्पेंटाइनचा जेमतेम ओलावा दिलेल्या फडक्याने ताजी रेघ लगेच पुसून टाकता येते. रेघ चकचकीत पृष्ठभागावर चांगली उमटते; खरबरीत पृष्ठभागावर रंग कडेला पसरतो. सगळे वाळल्यावर वार्निशचा एक पातळ हात द्यावा, पण भर पावसाळी दमट दिवशी देऊ नये. स्पिरिटचे वार्निश अशा हवेत दुधाळ पडते.

एक गोष्ट मात्र शिक्षकांनी मनावर घेतलीच पाहिजे, आणि ती म्हणजे शिसे. जुन्या काळचे पिवळे आणि शेंदरी रंग पुष्कळदा शिशाचे असत. लोखंडाला अस्तर म्हणून शेंदूर लावीत तोही शिशाचाच. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि थोडे थोडे पोटात गेले तरी करते. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी २०१६ साली नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक शिसे अशा रंगात चालत नाही. कारखान्यांच्या कामाचे रंग मात्र या नियमात नाहीत. तेव्हा घरगुती कामाचा, शिशाविषयी डब्यावर छापलेला नवा रंगच घ्या. कोठीत पडलेला जुना डबा ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून मुलांच्या हाती देऊ नका. रंग घासायचा तर ओल्या पॉलिश पेपरने घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्यावाचून कोणी डब्यातली भाकरी खाऊ नये.

कोणी म्हणेल, हल्ली पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील रेघा मिळतात, मग एवढी यातायात कशाला? खरे आहे, मिळतात. पण ज्या गाड्यांना मागणी आहे त्यांच्याच मिळतात. तुमच्या गावावरून गेलेल्या गाडीच्या रेघा कोण छापणार? आणि जुन्या छायाचित्रांवर विसंबावे तर तीही फसवतात. पूर्वीच्या पुष्कळशा फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. तांबडा डबा त्यांत काळाकुट्ट येई आणि निळा फिका पडे. खरा रंग कळतो तो जुन्या कागदपत्रांतून, नाही तर माणसांच्या आठवणीतून.

१८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी पुढे मिरजेपासून लातूरपर्यंत धावू लागली. आज त्या वाटेवर रुंद रूळ आहेत. त्या गाडीने बाजाराला गेलेली, पंढरपूरच्या वारीला गेलेली माणसे अजून गावोगावी आहेत. गुरुजी, आपल्या मुलांना त्यांच्याकडे वही घेऊन पाठवा. डबा कोणत्या रंगाचा होता, खिडकीखाली पट्टी होती का, अक्षरे कुठे होती, हे विचारून लिहून घ्या. दोघांचे म्हणणे जुळले नाही तर तिसऱ्याला विचारा. इतिहास असाच तपासतात. मग त्या टिपणावरून एक डबा करा आणि ज्यांनी सांगितले त्यांनाच तो आधी दाखवा. रेघ थोडी वाकडी असली तरी चालेल. रंग बरोबर आहे की नाही, ते पाहताक्षणी सांगतील. आणि तो सांगणारा माणूस आपल्यात आहे तोवरच हे काम करून ठेवले पाहिजे.