बोर्डची ऑर्डर टाकण्याआधी एक रात्र थांबा!



गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला फोन आला. आपल्या जुन्या बॅचमधला मुलगा, सांगलीकडचा. पाण्याच्या टाकीचा ऑटोमॅटिक कंट्रोलर बनवतो. टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद. आतापर्यंत झीरो पीसीबीवर हाताने वायरी जोडून त्याने पंचवीस-तीस नग विकले होते. आता एका दुकानदाराने एकदम ३०० नगांची ऑर्डर दिली, म्हणून त्याने पहिल्यांदाच स्वतःचा पीसीबी डिझाइन केला.

"सर, फाइल अपलोड करून ठेवलीय. पेमेंट करू ना?"

"दुकानदाराने अॅडव्हान्स किती दिलाय?"

"काहीच नाही सर. आईची भिशी लागली होती, ते पैसे घेतलेत."

मी म्हटलं, "बाबा, आजची रात्र थांब. फाइल मला पाठव."

असं का म्हटलं, ते आधी सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः २०० बोर्ड एकदम मागवले होते. सॅम्पल न मागवता, थेट. बोर्ड आले, सुंदर दिसत होते. बारा पायांचा स्क्रू टर्मिनल लावायला घेतला, तर बसेना. माझ्या डिझाइनमध्ये दोन पायांतलं अंतर ५.०८ मिमी होतं आणि बाजारातून आणलेला टर्मिनल ५.०० मिमीचा होता. फरक फक्त ०.०८ मिमी! पण बारा पायांत अकरा गाळे. अकरा गुणिले ०.०८ म्हणजे जवळजवळ ०.९ मिमी. शेवटचा पाय भोकात जाणार कसा? पक्कडीने एकेक पाय वाकवत बसलो. कित्येक पॅड उखडले आणि माल महिनाभर उशिरा गेला. कारखान्याची चूक होती का? अजिबात नाही. मी पाठवलं तेच त्यांनी बनवलं.

मित्रांनो, पीसीबीतली चूक स्क्रीनवर सापडली तर फुकट दुरुस्त होते. दहा बोर्डांवर सापडली तर थोडं नुकसान. ३०० बोर्डांवर सापडली तर भिशी गेली. आणि गिऱ्हाइकाच्या घरी सापडली तर काय होईल, ते पुढे सांगतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर तो बोर्ड तपासला. तोच क्रम तुम्हाला देतो.

१. ट्रॅक नंतर, आधी जागा वाटप

घर बांधताना देवघर आणि संडास आपण एका भिंतीला टेकवत नाही. बोर्डचंही तसंच आहे. एका टोकाला २३० व्होल्ट आणि रिले, मध्ये पॉवर सप्लाय, दुसऱ्या टोकाला मायक्रोकंट्रोलर आणि त्याच्या पलीकडे सेन्सरचे टर्मिनल. या पोराने काय केलं होतं? बोर्ड छोटा करायच्या नादात सगळे टर्मिनल एका ओळीत लावले होते. मोटरची वायर आणि टाकीतल्या सेन्सरची वायर शेजारी शेजारी. दिसायला छान, वापरायला घातक.

कॉम्पोनंटची जागा नीट ठरली की ट्रॅक आपोआप सोपे होतात. जागाच चुकली, तर ऑटोराउटर काही वाचवत नाही.

२. २३० व्होल्टला मोकळी जागा द्या

इथे माझ्या अंगावर काटा आला. त्याच्या बोर्डवर फेजचा ट्रॅक आणि सेन्सरचा ट्रॅक यांत जेमतेम १ मिमी अंतर होतं. सेन्सरची वायर कुठे जाते? टाकीच्या पाण्यात. ते पाणी नळातून स्वयंपाकघरात येतं. पावसाळ्यात डब्यात दमट हवा शिरली, धूळ बसली, एखादी मुंगी चिरडली, तर त्या १ मिमीवरून करंट पलीकडे जायला किती वेळ लागणार?

मेन्सची बाजू आणि माणसाचा हात लागू शकेल अशी बाजू, यांत मी ८ मिमी मोकळी जागा ठेवतो. ६ च्या खाली तर येतच नाही. नेमका आकडा तुमच्या प्रॉडक्टला लागू होणाऱ्या मानकावरून ठरतो, तो टेस्टिंग लॅबला विचारून घ्या. जागा कमी पडत असेल तर मध्ये बोर्ड कापून खाच ठेवा.

आपला नेहमीचा शुगर क्यूब रिले बघा. त्याचा कॉमन पाय कॉइलच्या दोन पायांच्या मधोमध येतो. म्हणजे २३० व्होल्ट आणि ५ किंवा १२ व्होल्ट अगदी शेजारी. त्या पायाभोवती खाच हवीच.

आणि एक गोष्ट. स्वस्तात पडतं म्हणून काही जण ट्रान्सफॉर्मर न वापरता नुसत्या कपॅसिटरने मेन्सचं व्होल्टेज उतरवतात. अशा सर्किटचा ग्राउंड थेट मेन्सला जोडलेला असतो. ज्याची वायर पाण्यात जाते, त्या प्रॉडक्टमध्ये हा प्रकार कधीही करायचा नाही. आपल्या पोराने आयसोलेटेड रेडीमेड सप्लाय घेतला होता, त्याबद्दल मी त्याची पाठ थोपटली.

३. ट्रॅक किती रुंद?

साध्या बोर्डवर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन असतो, ज्याला आपण १ औंस म्हणतो. आयपीसी २२२१ या मानकातल्या सूत्राने, बाहेरच्या थरावर १० अंश तापमानवाढ धरली तर साधारण असं गणित येतं:

- १ अँपिअर: ०.३ मिमी
- ३ अँपिअर: १.४ मिमी
- ५ अँपिअर: २.८ मिमी

या पोराचा मोटरचा ट्रॅक होता १ मिमी! १ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना पाच-सात अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो आकडा हीटरसारख्या साध्या लोडसाठी असतो, मोटरसाठी नाही.

माझा सल्ला सरळ आहे. मोटरचा करंट बोर्डवरून नेऊच नका. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवा, मोटरचा भार कॉन्टॅक्टर उचलेल. खर्च थोडा वाढतो, पण जळून परत आलेल्या एका नगाच्या येण्याजाण्याचा हिशोब करा, मग सांगा महाग काय ते.

४. "सर, कधी कधी हँग होतं"

त्याच्या जुन्या नगांची ही तक्रार होती. मोटर बंद होताना कंट्रोलर अडकतो, प्लग काढून लावला की ठीक. तो प्रोग्राममध्ये चूक शोधत होता. चूक होती वायरिंगमध्ये, आणि नव्या बोर्डवरही ती तशीच उतरली होती.

कॉइल बंद होताना व्होल्टेजचा झटका देते. त्यासाठी चार गोष्टी करा. रिलेच्या कॉइलवर ४००७ डायोड उलटा लावा, रिलेच्या अगदी जवळ. कॉन्टॅक्टवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स २ दर्जाचा कपॅसिटर सिरीजमध्ये लावा. साधा कपॅसिटर तिथे चालत नाही. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनला खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. "खेटून" म्हणजे खरंच खेटून. या पोराने तो लावला होता, पण तीन सेंटीमीटर लांब. तहान लागलेल्याला पाणी हाताशी हवं, विहिरीवर असून काय उपयोग?

चौथी गोष्ट ग्राउंड. बोर्ड दोन थरांचा असेल तर लो व्होल्टेज भागाखालचा थर शक्यतो अखंड ग्राउंड ठेवा. ट्रॅक नेऊन नेऊन त्याचे तुकडे करू नका. रिलेच्या कॉइलचा करंट मायक्रोकंट्रोलरच्या खालून न जाता थेट सप्लायकडे परत जाईल, असं बघा. मेन्सच्या भागात मात्र हा ग्राउंड अजिबात शिरता कामा नये.

५. कागद आणि थर्माकोल

हा माझा सगळ्यात आवडता भाग, कारण याला पैसे लागत नाहीत. लेआउट कागदावर १०० टक्के मापात छापा. "पानात बसवा" हा पर्याय बंद ठेवा आणि पट्टीने एकदा मोजा. कागद थर्माकोलवर चिकटवा आणि खरे कॉम्पोनंट त्यात टोचा. खरे म्हणजे तुम्ही लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून जे प्रत्यक्ष आणणार आहात तेच. पंधरा वर्षांपूर्वी मी हे केलं असतं, तर २०० टर्मिनलचे पाय वाकवावे लागले नसते.

पायांचा क्रमही डेटाशीटशी ताडून बघा. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. त्याच आकाराच्या पीएन २२२२ मध्ये नेमकं उलटं. दुकानदार "हाच चालेल" म्हणून दुसरा देतो आणि आपण सगळा दिवस सर्किटला शिव्या देतो. कनेक्टरचं चित्र डेटाशीटमध्ये वरून काढलंय की खालून, हेही वाचा. ते उलटं वाचलं की सगळा बोर्ड आरशातला होतो.

६. सोल्डर करणाऱ्याचा आणि बसवणाऱ्याचा विचार

या पोराच्या घरी सोल्डरिंग त्याची वहिनी करते, संध्याकाळी, घरकाम उरकल्यावर. मी विचारलं, "डायोड कुठल्या दिशेने लावायचा हे तिला बोर्डवर दिसतं का?" तो गप्प.

प्रत्येक डायोड आणि कपॅसिटरची दिशा छापा, आणि कॉम्पोनंट लावल्यावरही दिसेल अशा जागी छापा. ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेल्या पॅडना चार बारीक पट्ट्यांनी जोडायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ती चालू ठेवा, नाहीतर सगळी उष्णता तांबं खातं आणि सोल्डर नीट वितळत नाही. सप्लायसाठी आणि मुख्य सिग्नलसाठी टेस्ट पॉइंट द्या. एम ३ स्क्रूसाठी ३.२ मिमीचं भोक ठेवा आणि स्क्रूच्या डोक्याखाली ट्रॅक नको.

टर्मिनलवर "मोटर", "टाकी वर", "टाकी खाली" असं मराठीत छापा. बसवणारा गावातला प्लंबर किंवा वायरमन असतो. चुकीची वायर चुकीच्या टर्मिनलला लागली तर तुमचं सगळं डिझाइन पाण्यात. फॉन्ट नीट येत नसेल तर शब्द चित्र म्हणून टाका. आणि कोपऱ्यात आवृत्तीचा नंबर टाका. दोन वर्षांनी दुरुस्तीला नग आला की त्याची किंमत कळेल.

७. फाइल पाठवण्याआधी

किकॅडसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात नियम तपासायची सोय आहे. पण ते तुम्ही दिलेलेच नियम तपासतं. मेन्सच्या ट्रॅकना वेगळा गट करून तिथे अंतराचा वेगळा नियम दिला नाही, तर १ मिमीलाही ते "सगळं ठीक" म्हणतं. या पोराला तेच झालं होतं.

शेवटी गर्बर फाइल तयार करून वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडा. भोकांची फाइल आहे का, बाहेरची कड बंद आहे का, खाच दिसते का, अक्षरं उलटी तर नाहीत ना? कारखाना तुमचं डिझाइन बघत नाही, त्या फाइलवर बोर्ड बनवतो.

मग पुढे काय झालं?

त्याने लेआउट पुन्हा केला. पाच दिवस लागले. बोर्ड थोडा मोठा झाला आणि कॉन्टॅक्टरमुळे नगामागे खर्च वाढला, म्हणून दुकानदाराशी पुन्हा भावावर बसावं लागलं. दुकानदार कुरकुरला, पण माल दोन हप्त्यांत घ्यायला तयार झाला.

आधी फक्त १० बोर्ड मागवले. वहिनीने जोडले, आणि चाचणीत एक चूक सापडलीच! एक कपॅसिटर उंच होता, डब्याचं झाकण लागत नव्हतं. इतकं तपासूनही उंची आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली होती. दहा बोर्डांवर सापडली, म्हणून आम्ही हसलो. तीनशेंवर सापडली असती तर?

आता दीडशेचा पहिला हप्ता जोडणीला लागलाय. आईच्या भिशीतले थोडे पैसे अजून शिल्लक आहेत.

आजचा गृहपाठ: तुमचा सध्याचा बोर्ड घ्या, मेन्सचा ट्रॅक आणि सगळ्यात जवळचा लो व्होल्टेज ट्रॅक यांतलं अंतर पट्टीने मोजा. आकडा वहीत लिहा. तो बघून झोप लागली, तरच ऑर्डर टाका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा करत राहा, हिशोब ठेवत राहा!