‘रेल’च्या सावलीतली ‘कस्तूरी’

‘मसान’ 24 जुलै 2015 रोजी भारतात झळकला आणि त्यातलं ‘तू किसी रेल सी’ सर्वतोमुखी झालं. दुष्यंत कुमारांच्या ओळींवरून सुचलेलं, स्वानंद किरकिरेंच्या आवाजातलं ते गाणं गोड आहेच. पण त्याच चित्रपटातलं ‘मन कस्तूरी’ मागे राहिलं. जाणकारांनी नावाजलं, गर्दीपर्यंत फारसं पोहोचलं नाही. चित्रपट बनारसमध्ये घडतो, आणि बनारसचं खरं गाणं मात्र तेच!

संगीत होतं ‘इंडियन ओशन’चं. सुष्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी 1990 साली दिल्लीत उभा केलेला हा बँड तेव्हा पंचविशीत होता. गिटार, बेस आणि ड्रम्सच्या शेजारी त्यांनी तबला मांडला, लोकगीतं रॉकमध्ये आणली. ‘कंदिसा’ (2000) या अल्बममधलं ‘मा रेवा’ नर्मदेचं. बेस वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात वावरलेले. पुढे ‘ब्लॅक फ्रायडे’ चित्रपटातल्या ‘बंदे’नं बँडला देशभर ओळख दिली.

25 डिसेंबर 2009 रोजी असीम गेले. तबला आणि गळा एकाच माणसाचा होता, त्यामुळे पोकळी दुहेरी. 2013मध्ये सुष्मितही बाहेर पडले. आता हा बँड टिकतो का, अशी धास्ती चाहत्यांना वाटली तर नवल नाही.

पण बँड टिकला. ‘मसान’चं संगीत त्यानं केलं ते हिमांशू जोशी, तुहीन चक्रवर्ती, निखिल राव या नव्या साथीदारांना घेऊन. दिग्दर्शक नीरज घायवान हैदराबादेत वाढलेले मराठी. गीतकार वरुण ग्रोव्हर बनारस हिंदू विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकलेले. ग्रोव्हरांनी उचलली ती थेट कबीरांची प्रतिमा: कस्तुरी स्वतःच्याच नाभीत, आणि हरीण रानभर हुंगत फिरतंय. हे कबीर बनारसचेच, विणकर. बँडलाही ते परके नव्हते. 2003च्या ‘झिनी’ या अल्बमचं शीर्षकगीत कबीरांचंच भजन.

म्हणून ‘मन कस्तूरी’ चित्रपटावर वरून चिकटवल्यासारखं वाटत नाही. घाटावर चिता पेटवणाऱ्या डोम घरातला दीपक आणि बदनामीचं ओझं वाहणारी देवी, दोघांचीही तगमग त्या हरणाच्या जातीची आहे. शिवाय ‘रेल’मध्ये आवाज पाहुण्याचा, इथे बँड स्वतः गातो, आणि संस्थापकांच्या माघारीही त्याचा गळा ओळखू येतो.

कान महोत्सवात ‘मसान’ला दोन पुरस्कार मिळाले. बँडच्या उत्तम गाण्यांची यादी मात्र आजही ‘कंदिसा’ आणि ‘बंदे’पाशी थांबते. ‘मन कस्तूरी’ला त्या यादीत जागा मिळायलाच हवी.