कॅमेरा गळ्यात, चपला पायात

चिंचोळी एमआयडीसीतील माझ्या दवाखान्यात येणारे बहुतेक रुग्ण पाळीवर काम करणारे असतात. तिसऱ्या पाळीच्या कामगाराच्या तक्रारी ठरलेल्या : दिवसा झोप लागत नाही, छातीत जळजळते, घरी चिडचिड होते. अशाच एका फिटरचा रक्तदाब 150/96 निघाला. वय 42. मी गोळी लिहून दिली आणि वर सल्ला दिला, "काहीतरी छंद लावून घ्या." आम्ही डॉक्टर मंडळी हे वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारतो आणि विसरून जातो. हे गृहस्थ विसरले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांनी एक जुना, हात बदललेला कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगितलं होतं."

त्यांच्यामुळे मीही माझा कॅमेरा कपाटातून बाहेर काढला. हळूहळू आमची पाच जणांची टोळी जमली. त्यात एक केमिस्ट, एक अकाउंटंट आणि एक लेथवर काम करणारे. सुटीच्या दिवशी पहाटे निघायचे आणि दुपारच्या आत परतायचे. हिवाळ्यात हिप्परगा तलावावर पक्षी, हुरड्याच्या दिवसांत कोणाच्या तरी शेतात ज्वारीची कणसे आणि आगटीचा धूर. कधी भीमा-सीना संगमावरचे हत्तरसंग कुडल, जेथे शके 940 म्हणजे इ. स. 1018 मधला मराठी शिलालेख आहे. सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे आणि आमच्याच गावी 1910 साली जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक. वयाच्या 28 व्या वर्षी चीनला रुग्णसेवेसाठी गेलेला आणि 32 व्या वर्षी तेथेच मरण पावलेला हा डॉक्टर. त्यांच्या स्मारकाचा फोटो काढताना मला माझ्या दवाखान्याच्या वेळांची थोडी लाज वाटते, हे खरे.

वर्षभरात आमच्या फिटरसाहेबांचा रक्तदाब 134/86 वर आला. गोळी मी बंद केली नाही. छंद हा गोळीला पर्याय नव्हे, हे येथेच सांगून ठेवतो. पण फोटोच्या नादात माणूस पाच-सहा किलोमीटर सहज चालतो, सकाळचे ऊन अंगावर घेतो आणि मुख्य म्हणजे रात्री झोपतो. एरवी "रोज चाला" म्हटले की रुग्ण मान डोलावतात आणि घरी जाऊन टीव्हीपुढे बसतात.

आता ज्या संध्याकाळसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो. श्रावणाचे दिवस होते. नान्नजचे माळरान त्या दिवसांत हिरवेगार असते. 1979 साली येथे माळढोकासाठी अभयारण्य झाले. आता तो पक्षी दिसलाच तर बातमी होते. काळविटे मात्र भेटतात. आम्ही अभयारण्याच्या हद्दीबाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक माळावर होतो. सहा वाजून गेले होते. एक काळवीट नर बांधापलीकडे उभा होता आणि मागून तिरपे ऊन येत होते. फिटरसाहेब उकिडवे बसले, डोळा कॅमेऱ्याला लावला आणि एकेक पाऊल पुढे सरकू लागले. दगडांच्या एका ढिगाशी त्यांनी "आई गं" म्हणून पाय झटकला.

साप लहानसा होता, हातभर लांबीचा. वेटोळे घालून अंग अंगावर घासत होता आणि करवत चालवावी तसा करकर आवाज येत होता. फुरसे. उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ रक्ताचे दोन थेंब होते. पायात चपला. कंपनीत हा माणूस आठ तास सेफ्टी शूज घालून उभा असतो, आणि माळावर चपला! पण त्यांना दोष कशाला द्यावा? वर्षभर मी सगळ्यांना पाणी आणा, टोपी आणा असे बजावत होतो. बुटांबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. डॉक्टर बरोबर आहे म्हणून सगळे निर्धास्त, आणि डॉक्टरचा डोळाही कॅमेऱ्यालाच.

पुढच्या पाच मिनिटांत जे घडले ते वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. लेथवाल्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा काढून पोटरीवर करकचून आवळला. मी तो सोडायला लावला. फुरसे आणि घोणस यांच्या विषाने चावलेल्या जागचे मांस सडू शकते. त्यात आवळून बांधले तर रक्तपुरवठा तुटून पाय अधिक जातो. अकाउंटंट मोबाईल घेऊन सापाच्या अगदी जवळ वाकले, "डॉक्टरांना दाखवायला फोटो पाहिजे." मी अक्षरशः ओरडलो. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच असते. फोटोपायी दुसरा माणूस चावून घेण्याचे काहीही कारण नाही. मेंढरे घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याने जवळच्या एका देवस्थानाचे नाव सुचवले. त्याचा हेतू चांगला होता. मी हात जोडून नको म्हणालो.

जखम कापली नाही, चोखली नाही, बर्फ लावला नाही. पायातले चांदीचे कडे काढले, कारण सूज चढल्यावर ते निघत नाही. काठीला उपरणे गुंडाळून पाय हलणार नाही असा बांधला. त्यांना चालू न देता दोघांनी उचलून गाडीपर्यंत आणले. 108 नंबर लावणारच होतो, पण गाडी हाताशी होती. पाऊण तासात सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात पोहोचलो. लस माझ्या बॅगेत का नव्हती, असे मला नंतर पुष्कळांनी विचारले. ती सलाईनमधून, देखरेखीखाली द्यायची असते. तिचीच रिॲक्शन येऊ शकते, आणि यांना ती आलीच. पंधरा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, हुडहुडी भरली. सलाईन थांबवून ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिले आणि मग लस पुन्हा सुरू केली. हे माळावर घडले असते तर?

तेथे केलेली एक तपासणी मला आजही फार मोलाची वाटते. थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि 20 मिनिटे हलवत नाहीत. निरोगी माणसाचे रक्त तेवढ्या वेळात गोठते. यांची नळी तिरपी केली तेव्हा रक्त पाण्यासारखे वाहिले. बाहेर त्यांच्या पत्नी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला एवढेच विचारले, "भाऊ, फोटोचं वेड तुम्हीच लावलंत ना?" मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार? सहा तासांनी पुन्हा तपासले तेव्हा रक्त गोठले. पाचव्या दिवशी ते घरी गेले. अंगठ्याजवळची काळी पडलेली कातडी भरून यायला मात्र तीन आठवडे लागले.

साप रोज चावत नाही. त्याहून नेहमीच्या गोष्टींनीच जास्त माणसे माझ्याकडे येतात. रात्रपाळी संपवून तसेच मोटारसायकलवर पहाटेचे फोटो काढायला जाणे हा वेडेपणा आहे. हायवेवर डुलकी दोन सेकंदांची पुरते. आधी चार-पाच तास झोपा, सूर्य दुसऱ्या दिवशीही उगवतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा अकराच्या आत घरी परतावे. ऊन लागलेला माणूस बरळू लागला किंवा त्याचे अंग भाजत असेल तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी "फोटो झाल्यावर खाऊ" म्हणू नये. कडक भाकरी आणि शेंगा चटणी पिशवीत असू द्या, आणि खिशात साखरेची पुडी. द्राक्षबागेत शिरण्याआधी फवारणी कधी झाली ते मालकाला विचारा. ओल्या पानांत शिरून नंतर मळमळ, लाळ, घाम, अंधुक दिसणे असे काही झाले तर कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि डॉक्टरकडे जा. जुन्या देवळांच्या कपारीत आग्या मोहोळ असते; तेथे अत्तर लावून जाऊ नये आणि विडी पेटवू नये.

दिवाळीनंतर फिटरसाहेब स्वतःच म्हणाले, "साहेब, हिप्परग्याला जायचं का?" त्यांच्या पत्नीची परवानगी मला घरी जाऊन काढावी लागली. त्या दिवशी पाचही जण सेफ्टी शूज घालून आले. अकाउंटंटला कंपनीकडून बूट मिळत नाहीत, म्हणून त्यांनी कोणाचे तरी एक नंबर मोठे मागून आणले होते. दिवसभर ते फटक फटक वाजत होते आणि एकही पक्षी जवळ येईना.