मेंदूचा आरसा

मनुष्याच्या मेंदूत अहोरात्र विजेच्या अतिसूक्ष्म लहरी उठत असतात. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली त्या प्रथम यंत्राने टिपल्या. डोळे मिटून स्वस्थ बसले असता सेकंदाला सुमारे दहा लहरी उठतात; त्यांना ‘आल्फा’ म्हणतात.

स्वतःच्या या लहरी कोणालाच जाणवत नाहीत. मग त्यांना वळण कसे लावावयाचे? १९५८ च्या सुमारास शिकागो येथे जो कामिया यांनी एक युक्ती योजिली. घंटा वाजताच डोळे मिटून बसलेल्या माणसाने आल्फा लहरी आहेत की नाहीत, ते सांगावयाचे. उत्तर बरोबर की चूक, हे त्याला तत्काळ कळे. प्रारंभी सारी अटकळच! परंतु थोड्याच दिवसांत काही जण अचूक सांगू लागले. पुढे तर या लहरी इच्छेनुसार आणणे व थोपविणेही कित्येकांना साधले.

हे शिक्षण टिकते काय? जपानमध्ये निरोगी माणसांनी मेंदूतील रक्तप्रवाह दाखविणाऱ्या यंत्रात चार दिवस सराव केला. मेंदूच्या दोन भागांतील संबंधात पडलेला फरक दोन महिन्यांनंतरही आढळला, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे बुद्धी वाढते काय, हा प्रश्न निराळा. खोटे संकेत दाखविले तरी पुष्कळांना आपण सुधारलो असे वाटते. म्हणून संशोधक तशा माणसांचा दुसरा गट घेऊन दोहोंची तुलना करतात.